गोलपिठा आणि दारिद्र्यरेषा

घाटमाथ्यावरून / घाटमाथेकर

१९७१ साली पुण्यात एक रेषा आखली गेली. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळायला किती पैसे लागतात याचा हिशेब मांडला. १९६०-६१च्या किमतींना खेड्यात दरडोई दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, असं उत्तर आलं. एवढेही खर्च करू न शकणारी माणसं खेड्यांत सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के निघाली. पुढच्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. या दोन्ही गोष्टींना आता पन्नास वर्षं उलटून गेली. रेषेवर अर्थशास्त्र विभागांत प्रबंध झाले, ‘गोलपिठा’वर मराठी विभागांत. दोन्हीकडे चळती लागल्या आहेत, पण या चळतीतल्या माणसाने त्या चळतीतलं पान उलटून पाहिलं असं क्वचितच घडतं. दोघांचंही यात नुकसान झालं आहे, असं माझं मत आहे.

दांडेकर-रथांनी रेषेबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली होती, तिची आठवण कमी निघते. शहरातले गरीब हे मूळचे शहरातले नाहीत. खेड्यात पोट भरेना म्हणून तिकडे ओसंडून गेलेले आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. आता ढसाळांचं चरित्र पाहा. जन्म १९४९चा, गाव पूर-कनेरसर, तालुका खेड. म्हणजे आमच्या मावळला लागून असलेला तालुका. वडील मुंबईत मटणाच्या दुकानात कामाला, म्हणून पोरगा लहानपणीच गाव सोडून मुंबईला गेला आणि कामाठीपुऱ्याच्या शेजारी ढोर चाळीत वाढला. पुढे टॅक्सी चालवली. दांडेकर-रथांनी एका वाक्यात जे सांगितलं, ते हा मुलगा जगत होता, आणि त्यांचं पुस्तक छापून होत असताना तो ते कवितेत लिहीतही होता. हे दोन कागद शेजारी ठेवून शिकवणारा वर्ग पुणे विद्यापीठाच्या परिसरात मी तरी पाहिलेला नाही.

मराठी विभागात ‘गोलपिठा’ कसा शिकवला जातो? विद्रोह, नकार, प्रतिमासृष्टी, भाषिक बंड. शब्द चुकीचे नाहीत, पण गुळगुळीत झाले आहेत. त्या वस्तीत खोलीला भाडं किती होतं, पाणी किती वाजता यायचं, एका खोलीत किती माणसं निजायची, हे प्रश्न कवितेच्या तासाला विचारायचे नसतात असा अलिखित नियम आहे. खरं तर या कवितेचा घाटच त्या प्रश्नांनी घडवलेला आहे. तिथे छंद टिकत नाही, ओळ मध्येच लांबते, मराठीत हिंदी, उर्दू आणि धंद्याची बोली घुसते, शिवी आणि संस्कृत शब्द एकाच ओळीत येऊन बसतात. ज्या वस्तीत दहा ठिकाणची माणसं एका मोरीवर उभी असतात तिथली भाषा अशीच असणार. याला प्रयोग म्हणा, पण तो लिहिण्याच्या टेबलावर सुचलेला नाही. विजय तेंडुलकरांना हे उमगलं होतं. प्रस्तावना लिहायची म्हणून ते ढसाळांबरोबर त्या गल्ल्यांतून फिरले, न कळलेले शब्द विचारून घेतले, आणि आपल्याला ते कळत नव्हते हे छापून मोकळे झाले. मराठीतल्या प्रयोगशील कवितेवरचं पहिलं क्षेत्रसंशोधन एका नाटककाराने केलं, तेही विद्यावेतनाशिवाय.

लिटल मॅगझिनांचीही तीच कथा. १९५४ साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या मंडळींनी ‘शब्द’ काढलं ते सायक्लोस्टाइल करून. छापखान्याचं बिल परवडत नव्हतं आणि प्रस्थापित मासिकांच्या दारात उभं राहायचं नव्हतं. तेव्हा हा प्रयोग खिशातूनही आलेला होता. या कागदाच्या बाजूकडे नीट लक्ष दिलं ते परदेशी संस्थांत काम करणाऱ्या अभ्यासकांनी. लेतिसिया झेकिनी यांचं कोलटकरांवरचं पुस्तक २०१४चं, अंजली नेर्लेकर यांचं ‘बॉम्बे मॉडर्न’ २०१६चं. कवितेबरोबर मुखपृष्ठ, प्रकाशक, दोन भाषांमधली ये-जा, मासिकं कोण कुणाला पोचवत होतं, हे सगळं नेर्लेकरांनी संशोधनाचा ऐवज मानलं. मुंबईच्या कवींच्या कागदपत्रांचा संग्रह आता अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात आहे. तिथे कागद जपले जातात, याबद्दल कृतज्ञच राहिलं पाहिजे. पण कामशेतच्या मुलीला गिरगावात निघालेल्या कवितांची कागदपत्रं पाहायला व्हिसा काढावा लागणार असेल, तर विषमतेचा अभ्यास तिथूनच सुरू करायला हरकत नाही.

कोलटकरांचं आणखी एक सांगायला हवं. ‘काळा घोडा पोएम्स’ हा त्यांचा इंग्रजी संग्रह २००४ साली, त्यांच्या मृत्यूच्या काही महिने आधी, अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढला. वेसाइड इन या हॉटेलात वर्षानुवर्षं एका टेबलाशी बसून कोलटकर समोरचा रस्ता पाहत होते. त्यातली एक दीर्घ कविता फुटपाथवरच्या न्याहारीची आहे. इडली विकणारी बाई येते, भोवती रस्त्यावरची माणसं गोळा होतात, आणि कवी त्याच वेळी जगात इतरत्र कोण काय खातंय हे सांगत सुटतो. यादीचा हा घाट मला नेहमी अर्थशास्त्रज्ञांच्या उपभोग-सर्वेक्षणाची आठवण करून देतो. कुणी, काय, किती खाल्लं? फरक एवढाच की जनगणना बेघरांना दहा वर्षांतून एकदा, एका रात्रीत मोजते. २०११ला ती रात्र २८ फेब्रुवारीची होती. कोलटकर मात्र वर्षानुवर्षं मोजत राहिले.

आता घाटाच्या वर येऊ. २०११च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या ५७,६९८. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे अजून हाच आकडा सगळीकडे वापरात आहे. पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर उभं राहिलेल्या माणसाला हा आकडा विनोदी वाटेल, पण तो मुद्दा वेगळा. माणूस जिथे नेहमी राहतो तिथे मोजला जातो. खर्चाची पाहणीही कुटुंब जिथे राहतं तिथेच होते. म्हणजे लोणावळ्याच्या तुंगार्ली भागातल्या बंगल्याचा मालक मोजला जाणार मुंबईत, आणि त्याच बंगल्याच्या मागच्या खोलीत राहणारं राखणदाराचं कुटुंब मोजलं जाणार लोणावळ्यात. बंद बंगला घरयादीत फार तर ‘रिकामं घर’ म्हणून उतरणार. एकाच कुंपणाच्या आत राहणाऱ्या या दोन कुटुंबांतलं अंतर लोणावळ्याच्या कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. लोणावळ्यात विषमता किती, याचं उत्तर आकडेवारीतून काढायला गेलात तर गाव बऱ्यापैकी समान निघेल, कारण श्रीमंत हिशेबात नाहीतच.

गेटवर मात्र दोघंही असतात. मालकाचं नाव संगमरवरात कोरलेलं, काळा रंग भरलेला. खाली पत्र्यावर किंवा नुसत्याच भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेलं: ‘बंगला भाड्याने मिळेल’, आणि राखणदाराचा मोबाइल नंबर. राखणदाराचं नाव नसतं. वीकेंडला त्या नंबरवर फोन येतो, किती माणसं, किती गाद्या, पूल आहे का, म्युझिक किती वाजेपर्यंत चालेल. सोमवारी सकाळी त्याची बायको बाटल्या गोळा करते. अशी कितीतरी घरं आहेत जिथे ही जमीन एका पिढीपूर्वी राखणदाराच्याच भावकीच्या सातबाऱ्यावर होती. हा व्यवहार कायद्याने चोख झालेला असतो. एनएची ऑर्डर, खरेदीखत, सगळं जागेवर. म्हणून त्याची तक्रार करायलाही जागा नाही, आणि बातमीही होत नाही.

घाटमाथ्याला ही देवघेव नवी नाही. इथल्या पावसाचं पाणी टाटांच्या तलावांत अडवून खोपोलीला सोडायला १९१५ साली सुरुवात झाली, आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. गिरण्यांची कामगार कविता सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्या दिव्यातलं पाणी कुठून आलं ते फारसं कुणी विचारत नाही. शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, त्यावर पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे राजेंद्र व्होरा यांनी मन लावून लिहिलं. आणि ९ ऑगस्ट २०११ला पवनेचं पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधातल्या आंदोलनावर द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला, तीन माणसं गेली. यावर अहवाल आहेत, भाषणं आहेत.

कविता आणि विषमता एकाच पानावर आणणारं सर्वांत मोठं काम याच डोंगरी पट्ट्यातून उभं राहिलं, आणि ते विद्यापीठाने केलेलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ हे दोघं गरीब डोंगरी संघटनेबरोबर पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ गावांतून काम करत होते. बायकांचं म्हणणं समजून घ्यायचं तर त्या जात्यावर काय गातात ते ऐकलं पाहिजे, असं त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. मुळशीपासून मराठवाड्यापर्यंत, दोन दशकांत एक लाखाहून जास्त ओव्या. बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकाने त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या, संगणकावर चढवल्या. २०१७पासून पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या संकेतस्थळाने त्या लोकांसाठी खुल्या केल्या आहेत, कुणालाही फुकट ऐकता येतात.

यातली एखादी नोंद उघडून पाहा. ओवी आहे, आवाज आहे, आणि खाली गाणाऱ्या बाईची माहिती: नाव, गाव, तालुका, जात, वय, शिक्षण, मुलं किती, व्यवसाय काय. शिक्षणाच्या पुढे बहुतेक ठिकाणी ‘नाही’. ‘लोकसाहित्य’ म्हणून आपण जे निनावी करून ठेवलं होतं, त्याला इथे कवयित्री मिळाली आणि तिला एक सामाजिक पत्ताही मिळाला. ओवी ही प्रयोगशील कविता आहे का, यावर मराठीचे प्राध्यापक मान हलवतील. मी म्हणेन, आहे. ठरलेली ओळ घेऊन पुढची आपली आपण बांधायची, शेजारणीने तिच्यात बदल करायचा, आणि नवऱ्याला, सासूला, पावसाला जे तोंडावर सांगता येत नाही ते पीठ पडता पडता सांगून टाकायचं, यात प्रयोगाचं काय कमी आहे? गावोगावी पिठाची गिरणी आली, दळणाची सक्ती सुटली, बायकांचे हात मोकळे झाले. गाण्याचं ठिकाणही गेलं. जातं गेल्याचं दुःख मला नाही. पहाटे उठून दळायचा प्रसंग ज्यांच्यावर कधी आला नाही त्यांनी ते दुःख करू नये.

एक आक्षेप रास्त आहे. कविता हा पुरावा नव्हे. एका ओवीवरून तालुक्याची मजुरी काढता येत नाही, आणि ढसाळांच्या ओळीवरून कामाठीपुऱ्याची लोकसंख्या काढणारा संशोधक घरी पाठवावा. उलट बाजूची सवय त्याहून वाईट. विषमतेवरच्या अहवालाच्या प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर कवितेच्या चार ओळी चिकटवायच्या आणि आत तिला विसरून जायचं. कवितेला काम द्यायचं असेल तर प्रश्न ठरवताना द्यावं. ‘रिकामं घर’ या रकान्यात कोण राहतं, हा प्रश्न आकडेवारीला आपणहून सुचणार नाही. तो गेटवरची पाटी वाचणाऱ्याला सुचतो, आणि कविता वाचायची सवय असलेला माणूस पाट्या जास्त नीट वाचतो असा माझा अनुभव आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या मुलांना आता क्षेत्रप्रकल्प करावा लागतो. त्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आधीच्या वर्षाची फाइल मिळते, मुखपृष्ठ बदलतं, स्पायरल बाइंडिंग होतं, सही होते. लोणावळा, तळेगाव, वडगाव, कामशेत इथल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे की येत्या सत्रात मराठी आणि अर्थशास्त्र या दोन विभागांना मिळून एकच प्रकल्प द्या. तुमच्याच विद्यार्थ्यांपैकी काहींचे आईवडील बंगल्यांवर कामाला आहेत, काहींनी परवाच जमीन विकली आहे. त्यांना लोकलच्या एका डब्यात, एका सोसायटीत, एका कातकरी वाडीवर पाठवा. अर्थशास्त्राचा विद्यार्थी घर, पाणी, मजुरी, कर्ज विचारेल. मराठीचा विद्यार्थी माणूस जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, प्रमाणभाषेची इस्त्री न फिरवता, नाव आणि परवानगी घेऊन उतरवेल. एकाच तक्त्यात दोन्ही भरा, आणि तो तक्ता महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवा, कुणालाही पाहता येईल असा. विद्यापीठाच्या अनुदानाची वाट पाहायचं कारण नाही. खर्च एका वहीचा आणि लोकलच्या पासाचा आहे, आणि पास मुलांकडे आधीच असतो.