रणजीवरच कात्री का?

बुटीबोरीहून वर्धा मार्गाने नागपूरला निघाले की वाटेत जामठ्याचे स्टेडियम लागते. त्यामुळे रणजी करंडक आम्हा बुटीबोरीकरांना घरचाच वाटतो. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला नमवून विदर्भाने तो प्रथमच जिंकला. पुढच्या वर्षी जामठ्यालाच सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून राखलाही.

मग करोना आला. १९३४-३५ पासून, अगदी दुसऱ्या महायुद्धातही न चुकलेली ही स्पर्धा २०२०-२१ मध्ये प्रथमच झाली नाही.

माणसे मरत असताना क्रिकेटचे कसले कौतुक, असे कोणी म्हणेल. मान्य. पण आयपीएल त्या वर्षी अमिरातीत थाटात पार पडली. देशात वीस आणि पन्नास षटकांच्या स्पर्धाही झाल्या. गाळली गेली ती रणजीच! तिकडे आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे हौशी खेळाडूंचे खेळ. त्यांचेही २०२० चे अंतिम सामने डिसेंबरात, रिकाम्या स्टेडियममध्ये का होईना, झालेच की!

क्रिकेट मंडळाने २०२१ मध्ये ५० टक्के मानधन भरपाई म्हणून जाहीर केले, हे बरेच झाले. पण पस्तिशीला टेकलेल्या गोलंदाजाला तो हंगाम कोण परत देणार?

२०२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला, आनंदच आहे. तरीही पुन्हा तसे संकट आले तर कात्री आधी कशाला लावायची, हे आताच ठरलेले बरे. माझ्या मते रणजीची पाळी सर्वांत शेवटी यावी.