चौथा स्क्रू



मागच्या रविवारी एका चिमुकल्या स्क्रूने मला चांगलाच धडा शिकवला. तो तुमच्या घरीही उपयोगी पडेल, म्हणून या वेळी त्याविषयीच लिहितो.

आमच्या शेजारची मुलगी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील कारखान्यात हेल्पर, आई चार घरची धुणीभांडी करते. दोघांनी पोटाला चिमटा घेऊन तिला एक वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला. अलीकडे तो सुरू व्हायलाच दहा मिनिटे लागत. दुकानदाराने सरळ सांगितले, "भंगारात घाला, नवीन घ्या." नवीन आणायचा कुठून? मी कचेरीत संगणकावर बसतो, म्हणून पोरगी माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, यात एसएसडी बसवली तर?"

तिचे म्हणणे बरोबर होते. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, बहुतेक लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० फेरे. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, त्यामुळे माहिती चटकन मिळते. आकार तोच, अडीच इंची. जुनी काढायची, नवी बसवायची, एवढेच काम.

चार्जर काढला, बॅटरी काढली, मागचे झाकण उघडले. हार्ड डिस्क पत्र्याच्या चौकटीत चार स्क्रूंनी आवळलेली होती. तीन निघाले. चौथा हलेना. माझ्याकडे घड्याळाच्या कामाचा बारीक पेचकस होता. तोच खुपसून मी जोर लावला. पेचकस निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. चौथ्या वेळेला पाहिले, तर डोक्यावरची फुली झिजून वाटोळी झालेली!

मी हातोडी शोधायला उठलो, तेव्हा पोरीने माझा हात धरला. "काका, थांबा. ठोकलं तर आतली तबकडी जाईल. दोन वर्षांच्या नोट्स त्यातच आहेत."

मला घाम फुटला. काम सुरू करण्याआधी नोट्सची नक्कल काढून ठेवायची, हे मी विसरलो होतो. दुसऱ्याच्या लेकराची दोन वर्षांची मेहनत मी हातोडीखाली घ्यायला निघालो होतो.

ती चौकट घेऊन आम्ही गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने स्क्रू पाहिला आणि म्हणाला, "साहेब, कंपनीत याच्या आट्यांना निळं औषध लावतात, सुटू नये म्हणून. ते गरम केलं की सैल पडतं." त्याने सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक स्क्रूच्या डोक्यावर पंधरा-वीस सेकंद धरले. मग लहान पक्कड पोरीच्या हातात दिली. डोके पत्र्याच्या किंचित वर होते. तिने ते कडेने घट्ट पकडले, आधी जरासे आवळले, मग उलटे फिरवले. बारीक 'कट्' असा आवाज आला आणि स्क्रू फिरला.

त्या दिवशी शिकलेल्या गोष्टी क्रमाने देतो.

एक : आधी नक्कल, मग हत्यार. महत्त्वाचे सर्व पेन ड्राइव्हवर घ्यावे.

दोन : पेचकस मापाचाच हवा. अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांना १९३६ साली या फुलीच्या स्क्रूची पेटंटे मिळाली, म्हणून त्याला फिलिप्स म्हणतात. त्याच्या पेचकसावर ००, ०, १ असे आकडे असतात. लॅपटॉपला बहुधा हीच मापे लागतात. टोक खाचेत डुगडुगले, तर ते लहान आहे असे समजावे.

तीन : पेचकस सरळ उभा धरून खाली दाबावे जास्त, फिरवावे कमी. एकदा निसटला की तिथेच थांबावे. प्रत्येक निसटण्यात खाच झिजते.

चार : खाच थोडी झिजली असेल तर रबरबँडचा चपटा तुकडा मध्ये ठेवून दाबावे. पुष्कळदा पकड येते. नाही आली तर ऊब, मग पक्कड. लॅपटॉपच्या आत मात्र गरम टोक स्वतः लावू नये, प्लास्टिक वितळते. तेलही फवारू नये.

पाच : ड्रिल हा शेवटचा उपाय, तोही जाणकाराच्या हातून. धातूचा कीस मदरबोर्डवर पडला तर शॉर्टसर्किट होते.

सहा : स्क्रू कागदावर त्यांच्या जागेप्रमाणे मांडावेत. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला तर आतला भाग फोडतो.

संध्याकाळी नवी एसएसडी बसली. जुनी डिस्क केबलने जोडली आणि नोट्स जशाच्या तशा निघाल्या. पोरीच्या आईने चहा केला. वडील नुसते लॅपटॉपकडे बघत राहिले. आता तो मिनिटभरात सुरू होतो.

मला मात्र दोन गोष्टी लागल्या. कचेरीत बसतो म्हणून मला सगळे कळते, हा माझा समज खोटा निघाला. जे ठाऊक होते ते गल्लीतल्या कारागिराला, आणि सबुरी होती ती पोरीकडे. दुसरी गोष्ट अशी, की घरात हत्यार नेहमी मुलाच्या हातात जाते. मुलीने पाहायचे आणि कंदील धरायचा. हे आता पुरे.

आपापल्या वस्तीच्या अभ्यासिकेत पाच-दहा घरांनी मिळून लहान पेचकसांचा एक संच आणून ठेवावा. आणि तो पहिल्यांदा मुलींच्या हाती द्यावा.

पुढच्या आठवड्यात भेटू. जयभीम.