काळा पहाड परवडला!

दिवाळीची सुटी तोंडावर आलेली, आणि इतिहासाच्या तासाला एका मुलाच्या मांडीवर मला बाबूराव अर्नाळकरांची जीर्ण रहस्यकथा सापडली. नियमाप्रमाणे मी ती जप्त केली आणि, नियमाबाहेर जाऊन, रात्री जागून संपवली. सकाळी तो दारात हजर. ‘‘सर, वाचून झालं असन तं द्या. आबाजीचं हाय थे.’’

वाचकहो, तेव्हापासून एक भांडण माझ्या डोक्यात घोळते आहे. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी दिवाणखान्यात मानाने बसते आणि रहस्यकथा उशीखाली लपते. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. साऱ्या महाराष्ट्राने त्या वाचल्या, आणि कुणीही कबूल केले नाही! पण काळा पहाड किंवा झुंजार खराच होऊन गेला, असे समजून एकही विद्यार्थी आजवर फसलेला नाही. रहस्यकथाकार खोटे सांगतो ते उघड खोटे म्हणून सांगतो. हा प्रामाणिकपणा लहान नव्हे.

उलट, थोरल्या माधवरावांवरील प्रश्नाला माझ्या वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीने उत्तर काय लिहावे? रमाबाईंशी त्यांचे झालेले संभाषण, अवतरणचिन्हांसह! रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ सालची. १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मलाही ती प्रिय आहे. पण पेशव्यांच्या शयनगृहात कोणताही कारकून दौत घेऊन बसलेला नव्हता, हे त्या मुलीला सांगायचे कुणी? पुस्तक वाचायला दिले होते मीच.

म्हणे, अशा कादंबऱ्यांनी अभिमान जागतो. जागू द्या की! पण १८७१ साली ‘मोचनगड’ लिहिताना गुंजीकरांनी काळ शिवाजीमहाराजांचा घेतला आणि कथेचा भार कल्पित पात्रांवर टाकला. आता काळही खरा, माणसेही खरी, फक्त त्यांची मने आमची! इनामदारांच्या ‘राऊ’वरून २०१५ साली चित्रपट निघाला, त्यात काशीबाई आणि मस्तानी जोडीने नाचल्या, तेव्हा पुष्कळांना राग आला. कागदावर आम्ही त्यांना कितीदा नाचवले, त्याचा राग कुणाला आला होता? कादंबरीच्या शेवटी एक पान द्यावे: एवढे कागदपत्रांतले, एवढे माझे. कागद महाग झाला म्हणतात. एका पानाने प्रकाशक बुडणार नाही.

हे सारे मी ज्या तोंडाने सांगतो, त्या तोंडाची हकीकतही ऐका. माझी एक कादंबरी गाविलगडावर आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजांनी गड घेतला, किल्लेदार बेणीसिंग लढता लढता पडला, इतका इतिहास. त्याला मी एक मुलगी दिली. तिला एक शिलेदार दिला, आणि वाट पाहायला एक खिडकी दिली. पुस्तक चांदूर बाजारात बरे खपले.

मागल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्याला गेली. गडावर तीच हुशार मुलगी धापा टाकत माझ्याजवळ आली. ‘‘सर, थे कोन्त्या खिडकीत उभी राहे?’’

चाळीस पोरे माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी हात उंचावून समोरच्या पडक्या भिंतीतले एक भगदाड दाखवले. तिने ते वहीत टिपून घेतले.