लेखणीची किंमत आणि लेखणीचा खर्च

जून महिना उजाडला की कर्जत, नेरळ, खोपोली आणि खालापूर येथील वह्या-पुस्तकांच्या दुकानांत पालकांची व विद्यार्थ्यांची गर्दी होते. दप्तर, छत्री, वह्या यांची खरेदी करताना चार ठिकाणी भाव विचारले जातात. परंतु ज्या साधनाने वर्षभर प्रत्यक्ष लिहावयाचे, त्या लेखणीची खरेदी मात्र क्षणार्धात उरकली जाते. 'एक पेन द्या' एवढीच मागणी असते आणि दुकानदारही समोरच्या डब्यातील हाताला येईल ते पेन काढून देतो. वस्तू स्वस्त आहे, तेव्हा तिच्याविषयी विचार करण्याचे कारण नाही, अशी आपली समजूत असते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. वस्तूची किंमत आणि वस्तूचा खर्च या दोन भिन्न गोष्टी होत. किंमत दुकानात एकदाच द्यावी लागते. खर्च वर्षभर चालू राहतो.

रोजच्या लेखनासाठी फाउंटनपेन घ्यावे काय, आणि घ्यावयाचे तर कोणते, हा प्रश्न या दृष्टीने पाहावयास हवा. हौशी संग्राहकांची गोष्ट वेगळी. येथे विचार करावयाचा आहे तो नोंदवह्या व टिपणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा, उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाचा आणि दिवसभर टिपण्या व नोंदी करणाऱ्या कारकुनाचा.

हिशेब काय सांगतो?

उदाहरणादाखल काही आकडे धरू. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला हरवलेली व मध्येच बंद पडलेली धरून महिन्याला १० रुपयांची दोन बॉलपेने लागतात असे मानले, तर दहा महिन्यांच्या शैक्षणिक वर्षात २० पेने, म्हणजे २०० रुपये होतात. याउलट १५० रुपयांचे फाउंटनपेन तीन वर्षे टिकले, तर पेनाचा वार्षिक भार ५० रुपये. त्यात वर्षाला शाईच्या ५० रुपयांच्या दोन बाटल्या मिळविल्या, तर एकूण १५० रुपये. बचत ५० रुपयांची. मात्र हेच पेन वर्षअखेर हरवले, तर त्या वर्षाचा खर्च २५० रुपये होतो आणि ५० रुपयांचा तोटा पदरी पडतो. पेन ६०० रुपयांचे घेतले, तर ते तीन वर्षे टिकूनही दरवर्षी ३०० रुपये पडतात. वाचकांनी आपापले आकडे घालून हा हिशेब करून पाहावा. त्याचा रोख फारसा बदलणार नाही.

या हिशेबात एक चौथा पर्यायही मांडला पाहिजे. १० रुपयांचे एकच बॉलपेन सांभाळून वापरले आणि त्यात ५ रुपयांच्या वीस कांड्या घातल्या, तर वर्षाचा खर्च ११० रुपये, म्हणजे फाउंटनपेनापेक्षाही कमी होतो. फाउंटनपेनाच्या पुरस्कर्त्यांना ही गोष्ट सोयीची नाही, पण ती खरी आहे. तेव्हा खरी निवड शाई आणि बॉल यांच्यात नसून, जपून वापरण्याची वस्तू आणि फेकून देण्याची वस्तू यांच्यात आहे. टिकाऊ वस्तूचा लाभ ती टिकविणाऱ्यालाच मिळतो. ज्याचे पेन दर महिन्याला हरवते त्याने फाउंटनपेनाच्या भानगडीत पडू नये, हा सल्ला रुक्ष असला तरी हिताचा आहे.

मग फाउंटनपेनाच्या बाजूने काय उरते? उरतो तो हात. बॉलपेनातील शाई दाट असते. लहानशी गोळी कागदावर फिरावी म्हणून पेन दाबावे लागते. फाउंटनपेनाची पातळ शाई निबेच्या चिरेतून केशाकर्षणाने आपोआप खाली येते. निब कागदाला नुसती टेकली तरी अक्षर उमटते. तीन तासांची प्रश्नपत्रिका सोडविणाऱ्या विद्यार्थ्याला अथवा गठ्ठ्यावर गठ्ठे तपासणाऱ्या शिक्षकाला या फरकाचे मोल रुपयांत सांगता येणार नाही; पण दुखणाऱ्या बोटांना ते कळते. अक्षर आपोआप सुधारेल, असे आश्वासन मात्र कोणतेही पेन देऊ शकत नाही.

निवडीच्या कसोट्या

आंध्रमधील राजमहेंद्री येथे रत्नम् यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात स्वदेशी फाउंटनपेने बनविण्यास प्रारंभ केला. त्यांनी ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत पाठविलेले पेन गांधीजींना मिळाले, तेव्हा गांधीजींनी ते आधी वापरले आणि मग, १९३५ साली, परदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे असे पत्राने कळविले. शाळा-महाविद्यालयांच्या गिऱ्हाइकाने एवढी एक गोष्ट उचलावी: नाव, चकाकी आणि डबी यांवरून मत बनवू नये, लिहून पाहावे.

लिहून पाहण्यासाठी आपलीच वही सोबत न्यावी. दुकानातील गुळगुळीत चिठ्ठीवर सर्वच पेने चांगली चालतात. आपल्या नित्याच्या वह्यांचा कागद पातळ असतो; त्यावर जाड निबेची शाई पसरते व पाठीमागे उमटते. म्हणून बारीक निब घ्यावी. देवनागरीची परीक्षा शिरोरेषेत होते. एक लांब आडवी रेघ, तिच्याखाली काही उभे दंड आणि 'ळ', 'क्ष' यांसारखी वळणांची अक्षरे हलक्या हाताने काढून पाहावीत. रेघ मध्येच तुटली, निब कागदाला खरवडली अथवा पहिला फटकारा कोरा गेला, तर ते पेन परत करावे. सोन्याच्या निबेची आवश्यकता नाही. पोलादी निबेच्या टोकावर कठीण मिश्रधातूचा कण बसविलेला असला की ती वर्षानुवर्षे झिजत नाही. आजही १०० ते २०० रुपयांच्या आसपास अशी भारतीय पेने मिळतात, आणि रोज खिशात बाळगण्यास तीच योग्य होत. जे पेन हरवण्याच्या भीतीने कपाटात ठेवावे लागते, ते रोजच्या लेखनाचे पेन नव्हे.

दुसरी कसोटी शाई भरण्याच्या पद्धतीची. तयार नळ्यांची, म्हणजे कार्ट्रिजची, पेने सोयीची खरी. पण प्रत्येक नळी विकत घ्यावी लागते आणि ती फेकूनच द्यावयाची असते. बाटलीतून शाई ओढणारे किंवा ड्रॉपरने भरावयाचे पेन किफायतशीर पडते. ड्रॉपरच्या पेनात शाई पुष्कळ मावते, परंतु ती तळाशी आली की हाताच्या उबेने आतील हवा प्रसरण पावते आणि कागदावर थेंब टाकते. ते एकतृतीयांशाच्या खाली जाऊ देऊ नये, हा त्यावरील साधा उपाय. कर्जत-खोपोलीहून लोकलने ठाण्या-मुंबईस जाणाऱ्या नोकरदाराने फिरकीचे टोपण पसंत करावे आणि निब वरच्या बाजूस राहील असेच पेन खिशात लावावे. गर्दीतल्या धक्क्याने ओढून काढण्याचे टोपण सुटते आणि सदरा वाया जातो; तो सदराही खर्चातच धरला पाहिजे.

शाई आणि पावसाळा

आपल्या भागात आषाढ-श्रावणात कागद दमट होतो आणि त्यावर अक्षर फुटते. शिवाय सर्वसाधारण निळी शाई पाण्याने धुतली जाते. कपड्याच्या दृष्टीने हा गुण असला, तरी छत्रीतून गळलेल्या पाण्याने महिनाभराची टिपणे पुसली जातात तेव्हा तोच दोष ठरतो. म्हणून दप्तरी नोंदींसाठी व महत्त्वाच्या टिपणांसाठी पक्की शाई वापरावी. पक्की शाई पेनात वाळू मात्र देऊ नये. महिन्यातून एकदा निब आणि तिच्याखालची जीभ साध्या थंड पाण्याने धुवावी. चित्रकलेची जलाभेद्य शाई फाउंटनपेनात कधीच घालू नये. तिने पेन कायमचे निकामी होते. कार्बन घालून प्रती काढावयाच्या असतील, तेथे दाब लागतो आणि बॉलपेनच योग्य ठरते. तेव्हा एक फाउंटनपेन आणि कांडी बदलता येईल असे एक बॉलपेन, एवढा संसार कोणत्याही लेखनिकास पुरेसा आहे.

दुकाने आणि महाविद्यालये

व्यक्तीची निवड बाजारात काय मिळते त्यावर अवलंबून असते. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी घोडा छापाच्या शाईच्या पुड्या व गोळ्या करून ज्या उद्योगास आरंभ केला, तो पुढे 'कॅमल' शाईमुळे घरोघर पोहोचला. कॅमलिन या नावाने वाढलेल्या त्या कंपनीत २०११ पासून जपानी कोकुयोची मालकी आली, आणि तिचा एक कारखाना आज आपल्याच पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात उभा आहे. लेखनसाहित्याचा कारखाना इतक्या जवळ असूनही गावातील दुकानात शाईची बाटली अथवा सुटी निब मागितली, तर दुकानदाराला फळीच्या मागे शोधाशोध करावी लागते. गिऱ्हाईक मागत नाही म्हणून दुकानदार ठेवीत नाही, आणि दुकानात नाही म्हणून गिऱ्हाईक मागत नाही. निब मिळाली नाही की तेवढ्यासाठी सबंध पेन टाकून द्यावे लागते आणि आपला तीन वर्षांचा हिशेब पहिल्याच वर्षी कोसळतो.

हे चक्र सरकारी हुकमाने तुटेल असे वाटत नाही. महाराष्ट्राची २०१८ ची प्लास्टिकबंदी आणि १ जुलै २०२२ पासूनची एकदाच वापरावयाच्या प्लास्टिक वस्तूंवरील देशव्यापी बंदी, या दोहोंतही पेनांचा अंतर्भाव नाही. आणि दहा रुपयांच्या पेनावर भागविणाऱ्या मुलावर बंदीचा बडगा उगारणे न्यायाचे होणारही नाही. ठाकूर-कातकरी वाड्यांवरून येणाऱ्या मुलाच्या घरी एका वेळी १५० रुपये काढणे जड जाते. दहा-दहा रुपये देणे जमते. एकरकमी पैसा नसल्यामुळे गरिबाला तीच वस्तू अखेरीस महाग पडते, हा अर्थशास्त्रातील धडा त्याला पुस्तकाआधीच शिकावा लागतो.

येथे शाळा-महाविद्यालयांना सहज करण्याजोगे काम आहे. विद्यार्थी भांडारातून घाऊक भावाने पेने घ्यावीत, त्यांची किंमत तीन-चार हप्त्यांत वसूल करावी आणि सुट्या निबा व कांड्या तेथे बारा महिने मिळतील अशी व्यवस्था ठेवावी. वाचनालयाच्या टेबलावर शाईची एक बाटली ठेवून प्रत्येक भरणीचे नाममात्र पैसे घेतले, तरी ती बाटली सार्वजनिक पाणपोईसारखी उपयोगी पडेल. यास मोठ्या भांडवलाची गरज नाही. एखाद्या शिक्षकाने लक्ष घातले तरी पुरे. येत्या जूनपूर्वी आपल्या दोन्ही तालुक्यांतील चार संस्थांनी एवढे केले, तरी दुकानदाराच्या फळीवरही शाईची बाटली पुढे येईल.