मधपेटी आणण्याआधी फुलांची वही



‘मी मधमाशी बोलतेय’ हे आत्मवृत्त दरवर्षी निबंधाच्या वह्यांमध्ये पंधरा-वीस वेळा तरी वाचायला मिळतं. त्यातली मधमाशी हमखास बागेत जाते आणि गुलाबावर बसते. आमची शाळा भोर तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत आहे. इथे बागही नाही आणि गुलाबही नाही. आजूबाजूला आहेत ती जांभळं, हिरडे, करंज आणि दिवाळीच्या आधी पिवळाधमक फुलणारा कारळा. पोरांच्या डोळ्यांसमोर माशी कारळ्यावर बसते आणि वहीत मात्र ती गुलाबावर जाते. हा गुलाब त्यांच्या डोक्यात घातला कोणी? आपणच. मीही फळ्यावर असाच निबंध लिहून दिलेला आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. सध्या शाळेत, परसात किंवा शेताच्या बांधावर मधपेटी ठेवायची चांगलीच हौस सुरू झाली आहे. हौस चांगली आहे, पण आपण ती उलट्या टोकाने सुरू करतो. आधी पेटी येते, मग फोटो निघतात आणि माश्या खाणार काय हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. माझं स्पष्ट मत आहे की, ज्याने आपल्या गावच्या फुलांची वर्षभराची नोंद केलेली नाही त्याने पेटी आणू नये. शाळेने तर नाहीच नाही.

हे मत काही पुस्तकात वाचून झालेलं नाही. काही वर्षांपूर्वी एका योजनेतून आमच्या गावात सातेरी माश्यांच्या दोन पेट्या आल्या. त्यातली एक, शाळेमागच्या शेताच्या बांधावर, आमच्या देखरेखीखाली होती. मार्च-एप्रिलमध्ये तिची भरभराट अशी झाली की विचारू नका. जांभूळ फुललं होतं, मागोमाग हिरडा, मग गेळा. मुलं लांब उभी राहून माश्यांच्या पायांवरच्या परागांच्या गोळ्या बघायची आणि रंगावरून झाड ओळखायच्या पैजा लावायची. मे महिन्याच्या शेवटी मध काढला. वरच्या मधाच्या कप्प्यातला काढला इथवर ठीक होतं. पण ‘अजून आहे की’ म्हणून खालच्या कप्प्यात, पिल्लांच्या चौकटींच्या कडेला साठवलेला मधही आम्ही घेतला. बाटल्या भरल्या, पाहुण्यांना दिल्या, कौतुक झालं.

मग पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस म्हणजे दोन-दोन आठवडे सूर्य दिसत नाही. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाल्यावर पेटी उघडली, तर आत माशी नव्हती. पोळ्यांवर मेणकिड्याची जाळी होती आणि तळाला मूठभर मेलेल्या माश्या. एका मुलीने विचारलं, “सर, त्या गेल्या का मेल्या?” मी म्हणालो, “गेल्या.” ते बहुधा खरंही होतं, कारण उपासमार झाली की सातेरी माशी घर सोडून जाते. पण भर पावसात घर सोडलेल्या, पोटात काही नसलेल्या माश्यांचं पुढे काय होतं, ते मी तिला सांगितलं नाही.

चूक कोणाची? पेटी देणाऱ्यांची म्हणता येईल, पण प्रशिक्षणात पावसाळ्याचा विषय निघाला होता. ‘साखरेचा पाक द्यावा लागतो’ हे वाक्य माझ्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. मी ते लिहिलं होतं, पण समजून घेतलं नव्हतं. परीक्षेपुरतं पाठ करणाऱ्या मुलांना आपण ज्यासाठी बोलतो, नेमकं तेच मी केलं होतं.

समजून घ्यायचं होतं ते एवढंच की, माशीचं वर्ष आपल्या वर्षापेक्षा वेगळं असतं. आपल्याला वाटतं, पावसाळा म्हणजे हिरवंगार, म्हणजे सगळ्या जिवांची चंगळ. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर माशीसाठी नेमकं उलटं आहे. तिचा सुगीचा काळ म्हणजे आपला रखरखीत उन्हाळा. पानगळ होऊन डोंगर करडा पडतो तेव्हा काटेसावर आणि पांगारा फुलतो. पाठोपाठ करंज, जांभूळ, अंजनी, हिरडा. महाबळेश्वर-जावळीकडचे जुने मधपाळ जांभूळ, हिरडा, गेळा यांच्याच हिशोबाने वसंतातला मध काढतात. दुसरा हंगाम पाऊस ओसरल्यावर येतो. तेव्हा सड्यांवर सोनकी असते, शेतात तीळ आणि कारळा, नंतर तूर. आणि ज्या वर्षी डोंगरउतारावरची कारवी फुलते, ते वर्ष तर सोन्याचं. पण कारवी एका ठिकाणी साधारण सात वर्षांनी फुलते. म्हणजे पहिलीत आलेल्या मुलाने कारवीचा बहर पाहिला, तर पुढचा पाहीपर्यंत तो हायस्कुलात गेलेला असतो.

या दोन हंगामांच्या मधली दरी म्हणजे जून ते ऑगस्ट. फुलं कमी असतात आणि असतात त्यांतला मकरंद पावसाने धुऊन जातो. मुख्य म्हणजे माशीला बाहेर पडताच येत नाही. उन्हाळ्यात साठवलेला मध ही तिची पावसाळ्याची बेगमी असते. आपल्या आया-आज्या मे महिन्यात पापड-कुरडया, डाळ-तांदूळ भरून ठेवतात तसंच. आम्ही मे महिन्यातच तिची कोठी रिकामी केली.

20 मे हा जागतिक मधमाशी दिन. हा दिवस आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीत येतो, म्हणून तो मोबाइलवरच्या शुभेच्छांमध्येच साजरा होतो. पण तारीख आपल्या भागासाठी फार नेमकी आहे. पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आलेला असतो. पेटीत मध भरलेला असतो आणि किती काढायचा, किती ठेवायचा हे ठरवण्याचे हेच दिवस असतात. त्या दिवशी घोषवाक्यं लिहून घेण्याऐवजी मुलांशी एवढा एकच हिशोब बोलला, तरी माझ्या मते दिवस साजरा झाला.

मांघर हे महाबळेश्वर तालुक्यातलं गाव 2022 साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, हे तुम्ही वाचलं असेल. त्यानंतर ‘आमचंही गाव मधाचं करू’ असं बरेच जण म्हणू लागले. करा की! पण तिथे जंगल आधीपासून होतं, माश्या पाळायचा अनुभव घरोघरी होता आणि नाव सगळ्यात शेवटी मिळालं, हा क्रम विसरू नका. आपल्याकडे नुसती पाटी आधी लागण्याची भीती मला वाटते.

मग शाळेने काय करावं? माझं उत्तर अगदी स्वस्तातलं आहे: एक शंभर पानी वही. आम्ही तिला फुलांची वही म्हणतो. दर आठवड्याला दोन मुलं गावात फिरून बघतात की आज कशावर माशी बसली आहे. झाडाचं नाव, तारीख, सकाळ की दुपार, माशी कोणती आणि पायावर परागाची गोळी आहे का, एवढंच लिहायचं. माशी ओळखणं अवघड नाही. आग्या मोठी. सातेरी मध्यम, अंगावर पट्टे असणारी, झाडाच्या ढोलीत राहणारी. फुलोरी इवलीशी, झुडपाच्या फांदीला एकच छोटं पोळं करणारी. नावं माहीत नसतील तर घरच्या म्हाताऱ्यांना विचारायची. आणि इथेच खरी गंमत होते. वर्गात मान खाली घालून बसणाऱ्या एका मुलाचे आजोबा मोहोळं काढणारे निघाले. कुठल्या ओहोळाला कुठलं झाड कधी फुलतं, हे त्यांना पंचांगासारखं पाठ. आम्ही त्यांना शाळेत बोलावलं. तासभर ते बोलत होते आणि मी मागच्या बाकावर बसून टिपणं काढत होतो. तो मुलगा त्या दिवसापासून मान वर करून बसतो.

त्याच आजोबांनी पोळं पिळून मध काढण्याची जुनी रीतही सांगितली. त्यात पिल्लंही पिळली जातात, आणि रात्री पलिते लावून माश्या जाळतात. “पोटासाठी केलं, पण बरं नव्हतं ते,” असं ते स्वतःच म्हणाले. मधयंत्रात चौकट फिरवून मध काढला की पोळं शाबूत राहतं आणि माशीला मेण पुन्हा गाळावं लागत नाही. पेटीचा खरा फायदा हा आहे, तो मुलांना तिथल्या तिथे कळला. माझ्या दहा तासिकांत तो कळला नव्हता.

वहीसोबत एक प्रयोग जरूर करा. परसबागेत लाल भोपळ्याचा वेल लावा. त्याची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या देठाशी बोराएवढा छोटा भोपळा आधीच दिसतो. उद्या उमलणार अशा मादी कळीवर आज संध्याकाळी मलमलची पिशवी बांधा, शेजारची दुसरी तशीच सोडा. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं, म्हणून पिशवी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठेवायची. झाकलेला भोपळा पिवळा पडून गळतो. परागीभवनावर यापेक्षा चांगला पाठ मी घेतलेला नाही. (दोडक्यावर करणार असाल तर वेळ बदला, तो संध्याकाळी फुलतो. आमचा पहिला प्रयोग याच कारणाने फसला.)

शाळेच्या वृक्षारोपणाबद्दलही थोडं बोलतो, कोणाला राग आला तरी चालेल. आपण गुलमोहर आणि खोटा अशोक लावतो, कारण रोपं मिळतात आणि फोटोत बरी दिसतात. त्याऐवजी दोन जांभळं, एक करंज, एक हिरडा आणि कुंपणाला चार शेवगे लावले तर? शेवगा वर्ष-दीड वर्षात फुलतो, शेंगा शाळेच्या पोषण आहारात जातात आणि माश्या त्यावर नुसत्या तुटून पडतात. पण लावण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते असलेलं राखणं. गवत चांगलं येतं म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे डोंगराला वणवे लावतात. त्यात कोवळी जांभळं आणि हिरड्याची रोपं होरपळतात. आणि हल्ली फार्महाऊसच्या प्लॉटसाठी उतारच्या उतार जेसीबीने साफ होतात. एक मोठं जांभूळ तोडल्यावर गेलेला मकरंद शंभर पेट्या वाटून परत येत नाही.

पालकांनो, तुमच्याकडे दोन-तीन मागणी आहेत. फवारणी करायचीच असेल तर पीक फुलोऱ्यात असताना शक्यतो टाळा, आणि नाहीच जमलं तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करा. पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसलं तर मुलांना तिथून लांब ठेवा, कोणी दगड मारणार नाही हे बघा, पण लगेच पलिता घेऊन धावू नका. आग्या माश्या हंगाम संपला की आपणहून उठून दुसरीकडे जातात. रहदारीच्या जागी असेल तर जाणकाराला बोलवा. आणि विषय मधाचा निघालाच आहे म्हणून सांगतो, वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. रीत असली तरी नको. मधात असणारे काही जिवाणू एवढ्या लहान आतड्यात वाढून बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. थंडीत मध गोठला तर मात्र तो भेसळीचा समजून फेकू नका. शुद्ध मधही गोठतो.

“सर, पेटी परत कधी आणायची?” असं मुलं विचारतात. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे, तिथे जाऊन नीट शिकायचं मनात आहे. पेटी आलीच तर ती शाळेच्या आवारात ठेवणार नाही, कारण एखाद्या मुलाला डंखाची तीव्र ॲलर्जी असू शकते. ती आजोबांच्या बांधावर राहील, खालच्या कप्प्यातल्या मधाला हात लागणार नाही, पावसात साखरेचा पाक पेटीच्या आत, तोही संध्याकाळी दिला जाईल, म्हणजे दुसऱ्या माश्या लुटायला येणार नाहीत.

पण अजून नाही. वहीतली मार्चची पानं गच्च भरली आहेत, ऑक्टोबरचीही. आषाढाच्या पानावर मात्र सध्या दोनच नावं आहेत: केळफूल आणि लाजाळू. श्रावणात मका आणि भोपळा येतो, पण त्याआधीचे पाच-सहा आठवडे कोरे आहेत. तुमच्या गावात त्या दिवसांत, उघडीप मिळाल्यावर, माशी कशावर दिसते? मुलांना घेऊन बघा आणि आम्हाला कळवा.