ड्राइव्ह रिकामा करावा की आहे तसाच सुधारावा?

मैत्रिणींनो, या वेळी एका भगिनीचा प्रश्न घेते. त्या लिहितात, "पेन ड्राइव्हवर वीस जीबी जागा शिल्लक दिसते, तरी मुलाच्या मुंजीचं सहा जीबीचं चित्रण त्यावर जात नाही. असं का?"

यात ड्राइव्ह बिघडलेला नाही हं! फायली कशा लावून ठेवायच्या याची प्रत्येक ड्राइव्हवर एक पद्धत असते. तिला फाइल सिस्टिम म्हणतात. पुष्कळ पेन ड्राइव्हवर 'फॅट ३२' ही जुनी पद्धत असते आणि तीत ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. फडताळात जागा असली, तरी दोन फळ्यांमधली उंची कमी पडली तर मोठा डबा उभा राहतो का? तसंच हे.

उपाय दोन आहेत.

पहिला, सामान न हलवता फळ्या बदलायच्या. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडून 'कन्व्हर्ट' हा आदेश दिला, की फॅट ३२ चं एनटीएफएस होतं. फायली जागच्या जागी राहतात. मात्र ड्राइव्हवर थोडी जागा मोकळी हवी. पुन्हा फॅट ३२ हवं झालं, तर फॉरमॅटच करावं लागतं.

दुसरा उपाय म्हणजे हेच फॉरमॅट. त्यात सगळं पुसलं जातं, पण पद्धत आपल्या पसंतीची निवडता येते. ड्राइव्ह मॅकलाही जोडायचा असेल, तर हाच मार्ग बरा. एनटीएफएसवरचं मॅक वाचतो, पण वेगळं सॉफ्टवेअर घातल्याशिवाय त्यावर लिहीत नाही. 'एक्सफॅट' मात्र दोन्हीकडे चालतं, आणि ते 'कन्व्हर्ट'ने होत नाही.

"मग पहिल्या उपायात फायलींची प्रत काढायला नको ना?" असं म्हणाल, तर जरा थांबा. २०१७ मध्ये अ‍ॅपलने आयओएस १०.३ बरोबर आयफोनमध्येही असाच जागच्या जागी बदल केला होता, म्हणजे पद्धत काही वेडीवाकडी नाही. पण मध्येच वीज गेली, कुणी ड्राइव्ह उपसला, तर मुंजीचे फोटो परत कुठून आणणार? या उपायाने सामान पुन्हा लावण्याचे श्रम वाचतात, धोका टळत नाही.

म्हणून आधी प्रत काढा, तीही दुसऱ्या उपकरणावर. चार-दोन फोटो तिथून उघडून पाहा. मग कोणताही उपाय निर्धास्तपणे करा!