जिल्हा परिषद एक दिवसही रिकामी नको

वाशिम जिल्ह्याला स्वतःचा असा खासदार नाही. रिसोड विधानसभा मतदारसंघ अकोला लोकसभेत मोडतो, वाशिम आणि कारंजा यवतमाळ-वाशिममध्ये. पालकमंत्रीही बहुतेक वेळा बाहेरचेच असतात. २०२५ च्या जानेवारीत ही जबाबदारी कागलच्या हसन मुश्रीफ यांच्याकडे आली आणि थोड्याच काळात इंदापूरच्या दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेली. दोघंही अनुभवी मंत्री, पण कागल कुठे आणि आमचं मानोरा कुठे! आमदार तीन, ते मुंबईत २८८ जणांच्या सभागृहात बसतात. सहाही तालुक्यांतून निवडून आलेली माणसं एका छताखाली बसून फक्त वाशिम जिल्ह्याबद्दल बोलतात, अशी जागा एकच: जिल्हा परिषद. बावन्न सदस्यांचं हे सभागृह पुन्हा पुन्हा रिकामं पडतं आणि त्याची बोंब मारायलाही कोणी पुढे येत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवत निवृत्त झाले. सदस्य काय कामाचे असतात, हे मी भाषणांतून शिकले नाही. मालेगाव तालुक्यात एका शाळेवर होते तेव्हा दोन खोल्यांचं छत गळायचं. मृग लागला की तिसरी आणि चौथीची मुलं व्हरांड्यात दाटीवाटीनं बसवायची, फळा खुर्चीवर टेकवायचा आणि पावसाचा जोर वाढला की पाढे ओरडून म्हणून घ्यायचे. केंद्रप्रमुखांमार्फत अर्ज गेलेलाच होता. मग आमच्या सरपंचबाईंनी त्या अर्जाची झेरॉक्स घेतली आणि बाजाराच्या दिवशी आमच्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्याला चहाच्या टपरीवर गाठलं. चार माणसांदेखत कागद त्यांच्या हातात ठेवला. सदस्यांनी तो घडी करून खिशात घातला, तेव्हा बाई म्हणाल्या, "खिशात नका ठेवू जी, सभेत ठेवा." विषय सर्वसाधारण सभेत आला, सेस फंडातून दुरुस्ती मंजूर झाली आणि पुढच्या पावसाळ्यात मुलं आत बसली.

तो सदस्य सरपंचबाईंच्या पक्षाचा नव्हता, नात्यागोत्यातलाही नव्हता. मोठा कर्तबगार होता असंही नाही. पण पाच वर्षांनी याच गावात हात जोडून यायचं आहे, हे त्याला पक्कं माहीत होतं. लोकशाहीचा गावापुरता अर्थ मला एवढाच वाटतो, आणि तो फार मोठा आहे.

प्रशासकाच्या काळात नेमकं हेच संपतं. मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही की जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक होतात. पंचायत समितीत ते काम गटविकास अधिकाऱ्यांकडे जातं. एरवी सीईओंनी प्रस्ताव मांडायचा, स्थायी समितीनं तो तपासायचा, सर्वसाधारण सभेनं जाब विचारायचा, अशी रचना असते. प्रशासक आले की मांडणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा एकच होतो. त्या खुर्चीत बसणारे अधिकारी प्रामाणिक असतात, कित्येक जण तर सदस्यांपेक्षा जास्त राबतात. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण त्यांची बदली होते, आणि त्यांना कोणाकडे मत मागायला जायचं नसतं. मध्यंतरी एक महिला सरपंच मला म्हणाल्या, "साहेब चांगले हायेत जी बाई, पण त्यायले आमचं गाव कुठं हाय थेच माहीत नाही." त्यांचा अर्ज आवक शाखेत नोंदला गेला होता. शिक्का होता, क्रमांक होता, तारीख होती. नव्हता तो त्या कागदासाठी सभेत उभा राहून भांडणारा माणूस.

पैशांचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगाचं अनुदान रीतसर निवडून आलेल्या संस्थांसाठी होतं. महाराष्ट्रात त्यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींचा, प्रत्येकी १० टक्के जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा. निवडणूक नाही म्हणून राज्यात ठिकठिकाणी हे दहा-दहा टक्के अडकले. निवडणूक घेतली नाही सरकारनं आणि दंड बसला गावांना, हा कुठला न्याय?

जिल्हा परिषदेचा जन्म आपल्याच भागातल्या माणसाच्या हातून झाला, याची आठवण इथे दिली पाहिजे. स्थानिक स्वराज्यासाठी १९६० मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक होते, शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. बलवंतराय मेहता समितीला मुख्य भर पंचायत समितीवर हवा होता. नाईक समितीनं महाराष्ट्रासाठी जिल्हा परिषद बळकट करायची शिफारस केली. १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. शाळा, दवाखाने, रस्ते, पाझर तलाव यांचा निर्णय जिल्ह्यातच व्हावा हा त्यामागचा विचार होता. पुढे वसंतराव मुख्यमंत्री झाले आणि १९७७ मध्ये तेव्हाच्या वाशिम लोकसभा मतदारसंघातून खासदारही झाले. त्यांनी घडवलेली संस्था त्यांच्याच भागात अशी ताटकळत राहावी, हे मनाला लागतं.

आणि आमच्या वाट्याला हे पहिल्यांदा आलेलं नाही. २०१३ च्या डिसेंबरात निवडून आलेल्या जिल्हा परिषदेची मुदत २०१८ च्या अखेरीस संपली, पण मतदान झालं ७ जानेवारी २०२० ला. एक वर्ष उशीर. मग ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्याचा निकाल दिला. सगळ्या महाराष्ट्रात गाजलेला हा खटला वाशिमसह विदर्भातल्या जिल्हा परिषदांमधल्या आरक्षणाचा होता. निकालानंतर वाशिम जिल्हा परिषदेतल्या इतर मागासवर्गाच्या चौदाही जागा रिक्त झाल्या आणि त्यांची पोटनिवडणूक ५ ऑक्टोबर २०२१ ला झाली. तोपर्यंत चौदा गट सदस्याविना होते.

या वादाचा हिशेब मी गावातल्या मुलांना फळ्यावर मांडून दाखवते, कारण त्यावरून जातीजातीत नको तेवढं विष पसरवलं गेलं आहे. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या साधारण १९ टक्के, अनुसूचित जमातींची साधारण ७ टक्के. त्यांच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतात, हे राज्यघटनेनंच ठरवलेलं. त्यावर राज्याच्या कायद्यानं इतर मागासवर्गाला सरसकट २७ टक्के दिले. बेरीज ५३. न्यायालयाची मर्यादा ५०. न्यायालयानं आरक्षण चूक ठरवलं नाही. २७ हा आकडा कमाल समजा, एकूण पन्नासच्या आत राहा आणि किती द्यायचं हे आयोग नेमून, माहिती गोळा करून ठरवा, एवढंच सांगितलं.

आणि हे तरी २०२१ मध्ये नव्यानं सांगितलं का? नाही. के. कृष्णमूर्ती खटल्यात घटनापीठानं २०१० मध्येच हे सांगून ठेवलं होतं. त्यानंतर काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार गेलं, भाजप-शिवसेनेचं आलं, मग महाविकास आघाडीचं आलं. माहिती कोणीच गोळा केली नाही. त्यासाठी बांठिया आयोग नेमला गेला तो २०२२ च्या मार्चमध्ये. बारा वर्षं! माळी, तेली, धनगर, वंजारी, बंजारा समाजातल्या ज्या माणसांनी त्या चौदा जागा रीतसर लढवून जिंकल्या होत्या, त्यांची पदं या आळसापायी गेली. त्यांचा राग खरा आहे. पण तो शेजारच्या जातीवर काढायचा नाही, ज्यांनी घरचा अभ्यासच केला नाही त्यांना त्याचा जाब विचारायचा आहे.

२०२० मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत २०२५ च्या जानेवारीत संपली. त्याच्या दोनच महिने आधी, २० नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेचं मतदान अगदी वेळेवर झालं होतं. गावं तीच, मतदार तेच, केंद्र म्हणून शाळा त्याच, ड्युटीवर शिक्षकही तेच. विधानसभा वेळेवर होते आणि जिल्हा परिषद होत नाही. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या असं बजावलं. सप्टेंबरमध्ये ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून घेतली गेली. कारणं कोणती? यंत्रं अपुरी, कर्मचारी अपुरे, परीक्षांमुळे शाळा मोकळ्या नाहीत. मी आयुष्यभर इलेक्शन ड्युटी केली आहे. मतपेट्या उशाशी घेऊन वर्गाच्या फरशीवर झोपले आहे. जिल्हा परिषदेच्या गटाचं एक आणि पंचायत समितीच्या गणाचं एक अशी दोन मतं द्यायची, हे प्रत्येक म्हातारीला समजावून सांगितलं आहे. ही कारणं मला पटत नाहीत. लोकसभेच्या आणि विधानसभेच्या वेळी याच अडचणी असतात आणि त्या सुटतात, कारण तेव्हा सोडवायच्या असतात. जानेवारीत मुदत संपल्यापासून २०२५ चं उरलेलं आख्खं वर्ष वाशिम जिल्हा परिषदेत लोकांनी निवडलेला एकही माणूस नव्हता.

राज्यघटनेत याला जागाच नाही. कलम २४३ ई सांगतं की पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. किशनसिंह तोमर खटल्यात २००६ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं ठणकावलं होतं की निवडणूक आयोगानं ही मुदत पाळलीच पाहिजे.

माझी भाची अमेरिकेत टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहते. तिथल्या स्थानिक कारभाराबद्दल आम्ही फोनवर बोलतो. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत. प्रत्येकीचा कारभार निवडून आलेला एक काउंटी जज आणि चार कमिशनर बघतात: रस्ते, तुरुंग, अंदाजपत्रक. तिथलं राजकारण धुतल्या तांदळासारखं नाही. २०२५ मध्ये संसदेच्या मतदारसंघांचा नकाशा सत्ताधाऱ्यांनी मध्येच बदलला, त्यावरून रान पेटलं, प्रकरण वरच्या कोर्टापर्यंत गेलं. पण नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा सार्वत्रिक मतदानाचा दिवस कायद्यानं ठरलेला आहे. काउंटीचा कारभार वर्षभर एखाद्या सरकारी अधिकाऱ्याच्या हाती सोपवून ठेवलाय, असं भाचीनं कधी पाहिलेलं नाही. मी तिला इथली स्थिती सांगितली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "मग मावशी, तक्रार कोणाकडे करता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत आणि त्या कुठल्याही एका पक्षाकडे नाहीत.

पहिली, गट आणि गणांची रचना पूर्णपणे राज्य निवडणूक आयोगाच्या हाती द्या. २०२२ मध्ये कायदा बदलून सरकारनं तो अधिकार स्वतःकडे घेतला. ज्यांना निवडणूक लढवायची आहे त्यांनीच हद्दी आखायच्या, हे बरोबर नाही. शिवाय रचना, हरकती, आरक्षणाची सोडत हे सगळं मुदत संपायच्या सहा महिने आधी पूर्ण झालंच पाहिजे, असं बंधन घाला. कोणाला न्यायालयात जायचं असेल तर त्या सहा महिन्यांत जाईल.

दुसरी, मागासवर्गाची माहिती गोळा करणारा कायमस्वरूपी आयोग ठेवा. निकाल लागला की धावपळ करून अहवाल लिहायचा, हे पुरे झालं. येत्या जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्रानं घेतला आहे. ते आकडे आले की गटागटाचं, तालुक्या-तालुक्याचं चित्र स्पष्ट होईल. त्यानंतर माहिती नाही ही सबब कोणत्याच सरकारला उरणार नाही.

तिसरी, प्रशासक नेमावाच लागला तर त्याला कमाल सहा महिन्यांची मुदत हवी, आणि त्या काळात दर महिन्याला सरपंचांची खुली सभा घेणं बंधनकारक हवं. प्रत्येक मंजुरी पंचायत समितीच्या फलकावर लावली गेली पाहिजे. आज प्रशासक हा निवडणुकीला पर्याय झाला आहे. तो नाइलाज आहे, हे कायद्यात लिहिलेलं असू द्या.

हे होईल का? आमदारांना घाई नाही, हे मला कळतं. जिल्हा परिषद नसली की निधीच्या वाटपात त्यांचा शब्द आणखी वजनदार होतो. पालकमंत्र्यांचंही तेच. बावन्न सदस्य म्हणजे बावन्न वाटेकरी. म्हणून ही मागणी वरून येणार नाही, ती खालूनच गेली पाहिजे. कापूस, सोयाबीनच्या भावासाठी आपण रस्त्यावर येतो आणि आलंच पाहिजे. पण खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून माल परत पाठवला, आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, जलजीवनची टाकी बांधून झाली पण नळाला पाणी नाही, हे रोजचे प्रश्न घेऊन ज्याच्या दारात जायचं तो माणूसच नसेल, तर प्रत्येक वेळी रस्त्यावरच यावं लागेल.

१ मे रोजी गावोगावी ग्रामसभा असते. जिल्हा परिषदा सुरू झाल्याचाही तोच दिवस. यंदा महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं की वाशिम जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामसभेनं एक ठराव घ्यावा: "जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची निवडणूक मुदत संपण्यापूर्वी पूर्ण करावी आणि त्यासाठी राज्याच्या कायद्यात तारीख नमूद करावी." सूचक, अनुमोदक, सह्या, ग्रामपंचायतीचा शिक्का. एक प्रत राज्य निवडणूक आयोगाला, एक मुख्यमंत्र्यांना, एक आपापल्या आमदाराला. पुढच्या वेळी मत मागायला जो येईल, त्याच्यासमोर हा ठराव ठेवायचा आणि त्यावर त्याची सही मागायची. जो सही देणार नाही, त्याला आपलं मतही द्यायचं नाही.